परदेशात कार्ड घासताना पैसे कुठे कुठे गळतात

पॅरिसमधल्या हॉटेलचं बिल २०० युरो झालं. युरोचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये धरू, म्हणजे खर्च २०,००० रुपये. घरी परतल्यावर स्टेटमेंट उघडावं, तर त्या हॉटेलपायी २०,८२६ रुपये गेलेले दिसतात. हे वरचे ८२६ रुपये हॉटेलने घेतलेले नाहीत. ते आपल्याच बँकेने आणि थोडे सरकारने घेतलेत, आणि कार्ड घेताना आपण सही केलेल्या कागदांत ते लिहिलेलं होतं. आठवड्याच्या सहलीत दोन लाख खर्च झाले तर याच हिशेबाने ८,२६० रुपये जातात. मध्यमवर्गीय घरासाठी ही किरकोळ रक्कम नाही. योग्य कार्ड निवडलं आणि मशीनवर योग्य बटण दाबलं तर ती जवळजवळ सगळी वाचते.

परदेशात कार्ड लावलं की पैशाचं रूपांतर सहसा दोन टप्प्यांत होतं. पहिल्यांदा व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क युरोचे रुपये करतं. त्यांचा रोजचा भाव ठरलेला असतो आणि दोघांच्याही संकेतस्थळावर तारीख टाकून तो पाहता येतो. हा भाव बाजारातल्या मधल्या भावाच्या, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मध्याच्या, बराच जवळ असतो, त्यामुळे इथे फारसं नुकसान होत नाही. दुसऱ्या टप्प्यात आपली बँक त्या रकमेवर स्वतःचा टक्का लावते. शुल्कपत्रकात त्याचं नाव ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ किंवा ‘क्रॉस करन्सी फी’ असं असतं. साध्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर तो बहुधा ३.५ टक्के असतो आणि त्या ३.५ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. ३.५ गुणिले १.१८ म्हणजे ४.१३. वरच्या उदाहरणात ७०० रुपये मार्कअप आणि १२६ रुपये जीएसटी, असे ८२६ झाले.

एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या. भाव लागतो तो बहुतेकदा दुकानदाराचा व्यवहार नेटवर्ककडे पोचून पक्का होतो त्या दिवशीचा, कार्ड घासलं त्या दिवशीचा नव्हे. मध्ये एकदोन दिवस जातात. म्हणून मोबाइलवर आलेल्या मेसेजमधली रक्कम आणि स्टेटमेंटवरची रक्कम यांत थोडा फरक पडतो. ती फसवणूक नसते. मार्कअप आणि जीएसटी बऱ्याचदा स्टेटमेंटमध्ये वेगळ्या ओळींवर येतात, त्यामुळे खरेदीच्या ओळीकडेच पाहणाऱ्याला आपलं कार्ड स्वस्त वाटत राहतं.

शून्य मार्कअपचं कार्ड

अशी कार्डं आता भारतात सहज मिळतात. फेडरल बँकेचं स्कॅपिया, आयडीएफसी फर्स्ट बँकेचं ‘वॉव’ आणि आरबीएल बँकेचं ‘वर्ल्ड सफारी’ ही शून्य मार्कअपसाठी ओळखली गेलेली नावं. तरीही निव्वळ नावावर जाऊ नका. बँका अटी बदलतात. अर्ज करण्याआधी त्या कार्डाचं एमआयटीसी, म्हणजे महत्त्वाच्या अटींचं पत्रक, संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि त्यात चार आकडे शोधा: परकीय चलनावरचा मार्कअप, परदेशी एटीएमचं शुल्क, वार्षिक फी, आणि परदेशात रुपयांत बिल झालं तर लागणारं शुल्क. हा चौथा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो का महत्त्वाचा, ते पुढे येईल.

वार्षिक फी असलेलं कार्ड परवडतं का, हे एका भागाकारात कळतं. समजा फी ३,००० रुपये आहे. जीएसटी धरून ३,५४० झाले. तुमच्याकडचं सध्याचं कार्ड ४.१३ टक्के घेत असेल तर ३,५४० भागिले ०.०४१३, म्हणजे वर्षाला साधारण ८५,७०० रुपयांच्या वर परदेशी खर्च असेल तरच नवं कार्ड फायद्याचं. सध्याचं कार्ड २ टक्क्यांचं असेल, म्हणजे जीएसटीसह २.३६, तर हीच सीमा दीड लाखांवर जाते. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांचं हॉटेल, जेवण, प्रवास आधीच मुंबईत रुपयांत भरून झालेलं असतं. तिथे हातखर्च आणि खरेदी मिळून साठ-सत्तर हजारांच्या आत राहत असेल, तर फी भरून कार्ड घेण्यात अर्थ नाही. बिनफीचं शून्य मार्कअप कार्डच घ्यावं.

रिवॉर्ड पॉइंटांचा हिशेबही याच तागडीत घाला. २.३६ टक्के घेणारं कार्ड परदेशी खर्चावर दीड टक्क्याचे पॉइंट देत असेल तर खरा खर्च ०.८६ टक्के. पण पॉइंटची किंमत जाहिरातीतली धरू नका. तुम्ही ते प्रत्यक्षात कशासाठी वापरता, त्यातून किती रुपये सुटतात, आणि वटवताना फी लागते का, ते बघून धरा. पॉइंट पडून राहून संपून जाणार असतील तर त्यांची किंमत शून्य.

निवृत्त मंडळींची अडचण वेगळी असते. मुलाकडे अमेरिकेला तीन महिने राहायला जायचं आहे, पण पगाराची चिठ्ठी नाही म्हणून क्रेडिट कार्ड मिळत नाही. त्यांच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा चांगला मार्ग आहे. वर सांगितलेलं ‘वॉव’ याच प्रकारातलं. ठेवीवर व्याज मिळत राहतं आणि ठेवीच्या हिशेबाने कार्डाची मर्यादा ठरते.

फॉरेक्स कार्ड: फी दिसत नाही, कारण ती भावात असते

प्रवासाच्या व्हिसाचं काम आटोपून मुंबईच्या बीकेसीतून (वांद्रे-कुर्ला संकुलातून) बाहेर पडणाऱ्या बऱ्याच जणांचा पुढचा विचार फॉरेक्स कार्डाचा असतो. आधी रुपये भरायचे, त्याचे युरो किंवा डॉलर करून घ्यायचे आणि तिकडे वापरायचे. जाहिरातीत ‘शून्य मार्कअप’ असतं आणि ते शब्दशः खरंही असतं, कारण युरोच्या कार्डावरून युरो खर्च करताना रूपांतर होतच नाही. रूपांतर आधीच, पैसे भरतानाच झालेलं असतं, आणि कमाई तिथेच होते.

ती मोजायची अशी. ज्या क्षणी बँक किंवा चलन बदलून देणारा भाव सांगतो, त्याच क्षणी इंटरनेटवर मधला भाव बघा. मधला भाव १०० आणि तुम्हाला सांगितलेला १०२.२० असेल, तर २.२ टक्के तिथेच गेले. फोर्ट किंवा दादरमध्ये दोनतीन ठिकाणी फोन करून भाव विचारले तर त्यांत स्पष्ट फरक दिसतो आणि घासाघीस केली की भाव थोडा खाली येतो. विमानतळावर मात्र शेवटच्या घटकेला चलन घेऊ नका. घाईत असलेल्या माणसाला तिथे सगळ्यांत वाईट भाव मिळतो.

यावर चलन रूपांतराचा जीएसटी वेगळा. १ लाखापर्यंतच्या रकमेचा १ टक्का हे करपात्र मूल्य धरतात, कमीत कमी २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे १ लाखावर १८० रुपये, आणि २५,००० पर्यंत कितीही घेतले तरी ४५ रुपये. हा कर लहान आहे, त्याची काळजी नको. शिवाय कार्ड देण्याची आणि पुन्हा पैसे भरण्याची फी असते. ती विचारून घ्या. बऱ्याचदा माफ होते.

फॉरेक्स कार्डात खरं नुकसान होतं ते दोन ठिकाणी. पहिलं, कार्डात नसलेल्या चलनात खर्च केला तर. युरो भरलेलं कार्ड घेऊन स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकमध्ये बिल दिलं की क्रॉस करन्सी शुल्क लागतं आणि ते साध्या क्रेडिट कार्डाच्या मार्कअपएवढं असू शकतं. मुंबईहून निघणाऱ्या युरोपच्या बहुतेक सहलींत स्वित्झर्लंड असतंच, आणि तिथे युरो चालतात असं समजून ही चूक होते. दुसरं, उरलेले पैसे. परत आल्यावर ते विकताना बँक खरेदीचा भाव लावते, तो मधल्या भावाच्या खाली असतो. भरताना २ टक्के, काढताना पुन्हा तेवढेच. म्हणून हे कार्ड काठोकाठ भरू नये. लागलं तर मोबाइलवरून पुन्हा भरता येतं.

असं असूनही काही जणांसाठी ते योग्यच आहे. क्रेडिट कार्ड नसलेला विद्यार्थी, किंवा रुपया घसरेल या धास्तीने आजचा भाव पक्का करून ठेवू इच्छिणारा प्रवासी. कार्ड चोरीला गेलं तरी धोका भरलेल्या रकमेपुरताच राहतो, हीही मोठी सोय. फक्त नेपाळ आणि भूतानला जाताना फॉरेक्स कार्ड घेऊ नका, तिथे ते चालत नाही.

मशीन विचारतं: रुपयांत की युरोत?

कार्ड कितीही चांगलं असलं तरी इथे सगळी कमाई बुडू शकते, म्हणून हा भाग नीट वाचा.

दुकानातलं किंवा हॉटेलमधलं मशीन तुमचं कार्ड भारतीय आहे हे ओळखतं आणि पडद्यावर दोन रकमा दाखवतं. एक युरोत, दुसरी रुपयांत. रुपयांतली ओळखीची वाटते, हात तिकडे जातो. ते बटण दाबलं की नेटवर्कचा चांगला भाव बाजूला पडतो आणि दुकानदाराची बँक स्वतःचा भाव लावते. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी म्हणतात. त्यात ५-७ टक्के वाढीव भाव सहज असतो, कधी त्याहून जास्त. वर आपल्या कित्येक बँका ‘परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर’ १ टक्का किंवा जास्त शुल्क आणि जीएसटी लावतात. एमआयटीसीत शोधायचा चौथा आकडा तो हाच. शून्य मार्कअपच्या कार्डावरही हे शुल्क असू शकतं.

नियम एकच: जिथे उभे आहात तिथलं चलन निवडा. पिन टाकण्याआधी पडद्यावर चलनाचं नाव वाचा. कधी कधी कर्मचारी तुम्हाला न विचारता रुपये निवडून मशीन पुढे करतो. तसं दिसलं तर पिन टाकू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. पावती निघाल्यावर लक्षात आलं तरी तिथल्या तिथे रद्द करून घ्या. मुंबईत येऊन बँकेशी भांडून हे पैसे परत मिळणं फार अवघड, कारण कागदोपत्री तुम्हीच होकार दिलेला असतो.

एटीएमवर हाच प्रश्न जास्त गोंधळात टाकणाऱ्या शब्दांत येतो. ‘कन्व्हर्जन स्वीकारा’ आणि ‘कन्व्हर्जन नाकारा’ अशी दोन बटणं असतात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते. तसं नसतं. नाकारा दाबलं की फक्त त्यांचा भाव नाकारला जातो, नोटा बाहेर येतातच.

ऑनलाइन बुकिंगलाही हे लागू आहे. मुंबईत बसून परदेशी हॉटेलच्या संकेतस्थळावर रुपयांत रक्कम दिसते, पण कंपनी परदेशात नोंदलेली असते. तिथेही चलन बदलण्याची सोय शोधा आणि हॉटेल ज्या देशात आहे तिथलं चलन निवडा.

रोख रक्कम

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढणं हा सगळ्यांत महागडा मार्ग. समजा १०,००० रुपयांएवढं चलन काढलं आणि कार्ड साध्या अटींचं आहे. रोख काढण्याची फी किमान ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. मार्कअप ४१३. व्याज पहिल्या दिवसापासून, महिना ३.७५ टक्के दराने २० दिवसांचं २५० आणि त्यावर जीएसटी ४५. बेरीज १,२९८. दहा हजारांसाठी तेराशे रुपये! काढावेच लागले तर मोबाइलवरून त्याच दिवशी कार्डात पैसे भरून टाका, निदान व्याज तरी वाचेल.

डेबिट कार्ड बरं, पण तिथेही रचना बघा. दर वेळी ठोक शुल्क १५० रुपये अधिक जीएसटी (१७७) आणि वर ४.१३ टक्के असेल, तर १०० युरो तीनदा काढण्यात १,७७० रुपये जातात, एकदाच ३०० युरो काढले तर १,४१६. याशिवाय एटीएमचा मालक वेगळी फी घेतो आणि शून्य मार्कअप कार्डसुद्धा ती वाचवू शकत नाही. थायलंडमध्ये ती दर वेळी २२० बाहट किंवा थोडी जास्त असते. ५,००० बाहट काढले तर ४.४ टक्के तिथेच गेले. २०,००० काढले तर १.१ टक्का. म्हणून कमी वेळा, मोठी रक्कम.

मुंबईहून थोड्या नोटा नेणं शहाणपणाचंच आहे: टॅक्सी, टिप, बाजारातली खरेदी यांसाठी. एका प्रवासाला नोटांच्या रूपात बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरएवढंच चलन घेता येतं. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं चलन घेताना पैसे रोखीने देता येत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात.

टीसीएसची भीती किती खरी?

टीसीएस म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापून घेतला जाणारा आयकर. डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड आणि नोटा हे तिन्ही रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत, म्हणजे परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याच्या योजनेत, मोजले जातात. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. प्रवासासारख्या खर्चासाठी त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापला जातो. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च या मोजणीत येत नाही. तो आणायचं २०२३ मध्ये ठरलं होतं, पण त्याच वर्षी जूनअखेरीस सरकारने ते पुढे ढकललं.

साध्या सहलीला १० लाखांची सीमा गाठली जात नाही. गोष्ट अडते ती त्याच वर्षी इतर कारणांसाठी पैसे पाठवलेले असतील तेव्हा. परदेशी शेअरमध्ये साडेनऊ लाख गुंतवले आणि मग फॉरेक्स कार्डात १ लाख भरले, तर सीमेवरच्या ५०,००० वर १०,००० रुपये टीसीएस कापला जाईल. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. अशा माणसाने त्या वर्षी क्रेडिट कार्डच वापरावं.

निघण्याआधी

भारतात दिलेल्या नव्या कार्डांवर परदेशी वापर मुळात बंद असतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने हे २०२० पासून लागू आहे. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन दुकानातला वापर, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप या चारही गोष्टी आंतरराष्ट्रीय रकान्यात वेगवेगळ्या सुरू कराव्या लागतात. मर्यादाही तिथेच वाढवा. ‘कार्ड चाललंच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं. हे सगळं घरीच उरका, कारण बदल करताना ओटीपी येतो आणि तिकडचं सिम घातलेल्या फोनवर तो येणार नाही. नंबरवर रोमिंग सुरू ठेवा.

कार्डं दोन घ्या, वेगवेगळ्या बँकांची आणि शक्यतो वेगवेगळ्या नेटवर्कची: एक व्हिसा, एक मास्टरकार्ड. एकाच पाकिटात दोन्ही ठेवू नका. आंतरराष्ट्रीय रुपे कार्ड परदेशात डिस्कव्हर आणि डायनर्सच्या जाळ्यावर चालतं, ते तिसरं म्हणून ठीक. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, भूतान, फ्रान्स इथे काही ठिकाणी यूपीआय चालतं, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

हॉटेलची अनामत आणि भाड्याची गाडी यांसाठी मात्र क्रेडिट कार्डच द्या. तिथे ठरावीक रक्कम रोखून धरतात. क्रेडिट कार्डात फक्त मर्यादा अडकते, डेबिट किंवा फॉरेक्स कार्डात तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधी कधी दोनतीन आठवडे लागतात. सहल संपून जाते आणि पैसे अजून हॉटेलकडेच.

लंडनच्या मेट्रोत टॅप करून जायचं असेल तर आत शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड लावा. तेच कार्ड एकदा प्लास्टिकचं आणि एकदा फोनमधलं लावलं तरी यंत्रणा ती दोन वेगळी कार्डं समजते आणि दोन अपुऱ्या प्रवासांचं जास्तीत जास्त भाडं लावते.

परत आल्यावर

परतल्या दिवशीच अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. मग स्टेटमेंटमधला प्रत्येक परदेशी व्यवहार पावतीशी ताडून बघा. न केलेला व्यवहार दिसला आणि त्यात तुमची चूक नसेल, तर मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास नुकसान तुमच्यावर येत नाही; ४ ते ७ दिवस लावलेत तर काही भार तुम्हाला सोसावा लागतो. रिझर्व्ह बँकेचा हा नियम जुलै २०१७ चा आहे. म्हणून प्रवासातही रोज रात्री मेसेज चाळायची सवय ठेवा.

दुकानात परत केलेल्या वस्तूचे पैसे आले असतील तर ते त्या दिवशीच्या नव्या भावाने रुपयांत येतात आणि आधी कापलेला मार्कअप बहुधा परत येत नाही. उरलेलं परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेला किंवा अधिकृत चलन व्यावसायिकाला विकायचं असतं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाणी कोणी परत घेत नाही, ती तिकडच्या विमानतळावर चहाला संपवून या.